सूक्ष्म कर्ज कोणाला, केव्हा आणि किती? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या सदराकडे येणारी बहुतेक पत्रे एकाच गोंधळातून लिहिलेली असतात. महिन्याची बचत, तारणाशिवाय छोटे, म्हणजे सूक्ष्म कर्ज देणाऱ्या वित्त कंपनीचा आठवड्याचा हप्ता, सरकारी योजनेचा निधी आणि सावकाराकडून उचललेली रक्कम या सर्वांना गावात ‘गटाचे पैसे’ असेच म्हटले जाते, आणि मग एका पैशाचा नियम दुसऱ्याला लावला जातो. या गोंधळाची किंमत सर्वांत गरीब घर मोजते. म्हणून या वेळी निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत. पत्रलेखकांची कागदपत्रे मी पाहिलेली नाहीत, त्यामुळे ही उत्तरे दिशा दाखवण्यापुरती आहेत. निर्णय घेण्यापूर्वी स्वतःचे कागद घेऊन जाणकाराला प्रत्यक्ष भेटावे, ही विनंती आधीच करून ठेवतो.

प्रश्न : आमच्या गावात ‘उमेद’चा बचत गट आहे आणि एका वित्त कंपनीचाही महिला गट आहे. दोन्हींत दहा-बारा बायका आहेत आणि दोन्हीकडे कर्ज मिळते. मग फरक काय? (जि. सातारा)

उत्तर : फरक पैशाच्या मालकीचा आहे. बचत गटात आधी सभासदांचा पैसा येतो. महिन्याला १०० रुपये टाकणाऱ्या १२ जणींकडे वर्षाअखेर १४,४०० रुपये जमतात, त्यातून त्या आपसांत कर्ज देतात, आणि शेकडा दोन रुपये व्याज लावले तरी ते व्याज गटाच्याच पेटीत परत येते. सहा महिने बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब या पाचही गोष्टी नियमित चालल्या की बँक गटाला कर्ज देते. शेती व ग्रामीण विकासासाठीच्या नाबार्ड या बँकेने १९९२ साली ५०० गटांपासून ही बँक जोडणी सुरू केली आणि आज महाराष्ट्रात ‘माविम’ (महिला आर्थिक विकास महामंडळ) व ‘उमेद’ (राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान) यांचे गट त्याच पायावर उभे आहेत.

कंपनीचा गट हा संयुक्त दायित्व गट असतो. त्यात गटाची स्वतःची बचत नसते, कर्ज प्रत्येकीच्या नावावर स्वतंत्र असते आणि गट असतो तो एकमेकींच्या हप्त्याची हमी देण्यासाठी. दोन्ही प्रकार कायदेशीर आहेत. मात्र ग्रामीण महिला बचत गटाला ३ लाख रुपयांपर्यंतचे कर्ज व्याज सवलत योजनेत ७ टक्क्यांनी मिळू शकते, तर कंपनीचे व्याज बहुधा २० टक्क्यांच्या पुढे असते. बचत गटातून गरज भागत असेल तर कंपनीकडे जाण्याचे कारण मला दिसत नाही. आपल्या गटाची पात्रता किती, हे बँकेच्या शाखेत गटाची वही दाखवून विचारावे.

प्रश्न : गटाचे बचत खाते उघडायला बँक सर्व १२ सभासदांची कागदपत्रे मागते. हे बरोबर आहे का? (जि. जालना)

उत्तर : नाही. बचत खाते उघडताना गटाच्या पदाधिकाऱ्यांची ओळख पटवणे रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार पुरेसे आहे. शाखा ऐकत नसेल तर जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकांना लेखी कळवावे.

प्रश्न : कंपनीच्या माणसाने व्याज १२ टक्के सांगितले. १२,००० रुपयांच्या कर्जाला १२ महिने ११२० रुपये हप्ता आहे. माझा मुलगा म्हणतो की व्याज जास्त पडते, पण हिशेब तर बरोबर दिसतो. कोणाचे खरे? (जि. अहिल्यानगर)

उत्तर : मुलाचे खरे आहे. आपल्याला सांगितलेला दर सपाट आहे. बारा हप्त्यांत आपण १३,४४० रुपये भरणार, म्हणजे व्याज १४४० रुपये, आणि ते १२,००० रुपयांवर १२ टक्के दिसते. परंतु १२,००० रुपये आपल्याजवळ वर्षभर राहतच नाहीत. पहिल्या हप्त्यापासून मुद्दल कमी होत जाते आणि व्याज मात्र पूर्ण मुद्दलावर लावलेले असते. घटत्या शिलकीवर मोजले तर हाच दर सुमारे साडेएकवीस टक्के येतो. त्यातही प्रक्रिया शुल्क आणि विमा म्हणून ५०० रुपये आधीच कापून हातात ११,५०० रुपयेच दिले असतील, तर दर जवळजवळ ३० टक्क्यांवर जातो.

ही युक्ती फार जुनी आहे आणि ती अजूनही खपते, याचा मला मनापासून राग येतो. रिझर्व्ह बँकेने सूक्ष्म कर्जासाठी १४ मार्च २०२२ रोजी काढलेले निर्देश १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले. त्यांनुसार कर्ज देणाऱ्या संस्थेने कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत एक तथ्यपत्रक द्यावे लागते आणि त्यावर सर्व शुल्कांसह वार्षिक दर लिहिलेला असावा लागतो. त्या पत्रकात नसलेले शुल्क घेता येत नाही. तोंडी सांगितलेला दर हा दर नव्हे. पत्रक मागावे आणि ते दिल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नये. वाचता येत नसेल तर तालुक्याच्या वित्तीय साक्षरता केंद्रात किंवा बँकेत नेऊन वाचून घ्यावे.

प्रश्न : कर्ज मुदतीआधी फेडले तर दंड पडतो का? (जि. सोलापूर)

उत्तर : सूक्ष्म कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड आकारता येत नाही.

प्रश्न : निवडणुकीनंतर महिलांची मायक्रोफायनान्सची सर्व कर्जे माफ होणार, असे आमच्या भागात सांगतात. एका संघटनेने १०० रुपये घेऊन अर्जही भरून घेतले आहेत. आम्ही तीन महिन्यांपासून हप्ते थांबवले आहेत. पुढे काय करावे? (जि. अमरावती)

उत्तर : हप्ते थांबवण्यापूर्वी पत्र लिहिले असते तर बरे झाले असते. शासनाने पीककर्ज माफ केले म्हणजे खासगी कंपनीचे कर्ज माफ होते, हा समज निराधार आहे. कर्जमाफी ज्या योजनेत असते त्या योजनेचा शासन निर्णय निघतो, त्याला क्रमांक आणि तारीख असते, आणि तो शासनाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. १०० रुपये घेऊन भरलेल्या अर्जाला असा कोणताही आधार आपण दाखवलेला नाही. २०१६च्या नोटाबंदीनंतर विदर्भात अशाच अफवेवर अनेक बायकांनी हप्ते थांबवले होते. माफी आली नाही. थकबाकी मात्र कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या पतमाहिती कंपन्यांच्या नोंदीत गेली आणि पुढे बँकेच्या दारात गेल्यावर तीच आडवी आली.

आता लगेच दोन गोष्टी कराव्यात. शाखेत जाऊन थकीत रकमेचा लेखी उतारा घ्यावा, आणि उत्पन्न खरोखर घटले असेल तर हप्त्याची पुनर्रचना करून मिळावी असा अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. विलंबाचा दंड फक्त थकलेल्या रकमेवर लावता येतो, पूर्ण कर्जावर नाही, हे उतारा तपासताना लक्षात ठेवावे. आपली पतनोंद काय सांगते, हे प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा विनामूल्य मागवता येते. ती वाचून घेण्यासाठी बँकेतील किंवा साक्षरता केंद्रातील समुपदेशकाची मदत घ्यावी.

प्रश्न : दोन हप्ते चुकले तर वसुलीची माणसे रात्री आठ वाजता घरी येऊन बसतात, शेजाऱ्यांसमोर बोलतात आणि ‘पोलीस उचलून नेतील’ म्हणतात. खरेच अटक होते का? (जि. कोल्हापूर)

उत्तर : केवळ कर्जाचा हप्ता थकला म्हणून अटक होत नाही, कारण तो दिवाणी व्यवहार आहे. मात्र आपण कोरे धनादेश सही करून दिले असतील किंवा खात्यातून हप्ता वळता करण्याची संमती दिली असेल, तर ते न वटल्यास वेगळ्या कायद्यांखाली तक्रार होऊ शकते. म्हणून आपण काय काय सही करून दिले आहे, हे वकिलाला दाखवणे आवश्यक आहे. महिलेला विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. तालुका न्यायालयात त्याचे कार्यालय असते.

वसुलीविषयीचे नियम स्पष्ट आहेत. वसुली दोघांनी ठरवलेल्या ठिकाणी व्हावी, आणि कर्जदार तिथे लागोपाठ दोन किंवा अधिक वेळा आला नाही तरच कर्मचाऱ्याला घरी किंवा कामाच्या जागी जाता येते. म्हणजे आपल्या बाबतीत घरी येण्याचा अधिकार कदाचित निर्माण झाला असेल, पण धमकीचा झालेला नाही. सकाळी ९ पूर्वी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करणे, शिवीगाळ, नातेवाईक व शेजाऱ्यांना त्रास देणे, थकबाकीदार म्हणून नाव जाहीर करणे आणि न भरल्याच्या परिणामांविषयी खोटे सांगणे या सर्वांना मनाई आहे. ‘पोलीस उचलून नेतील’ हे वाक्य शेवटच्या प्रकारात बसते.

तारीख, वेळ आणि माणसाचे नाव वहीत लिहून ठेवावे. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. त्याचे नाव व क्रमांक कर्जकार्डावर असतो. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते, आणि त्याची माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. मारहाण किंवा अंगावर येणे झाले असेल तर वाट पाहू नये, त्याच दिवशी पोलीस ठाण्यात जावे.

प्रश्न : मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. सूक्ष्मवित्ताने गरिबी हटते की नाही, याचे विद्यार्थ्यांना ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर हवे असते. (पुणे)

उत्तर : एका शब्दात उत्तर देता येणार नाही, पण पुरावा काय सांगतो ते सांगता येते. बांगलादेशचे अर्थतज्ज्ञ मुहम्मद युनूस यांनी १९७६ साली चितगावजवळच्या जोब्रा गावात ४२ जणांना मिळून ८५६ टका दिले, तेथून ही कथा सुरू होते. ती सांगताना एक तपशील नेहमी गळतो. त्यांत बांबूच्या तिवया विणणाऱ्या बायका होत्या. त्यांच्या हातात कसब होते आणि मालाला गिऱ्हाईक होते. बांबूसाठी व्यापाऱ्याकडून पैसे घ्यावे लागत आणि माल त्यालाच त्याच्या भावाने द्यावा लागत असे, एवढीच त्यांची अडचण होती. त्या अडचणीवर छोटे कर्ज हे अचूक औषध होते. युनूस यांची ग्रामीण बँक १९८३ साली औपचारिकपणे उभी राहिली, २००६ साली त्यांना व बँकेला शांततेचे नोबेल मिळाले, आणि मधल्या काळात जगाने असा अर्थ काढला की ज्याच्याकडे काम, कसब, गिऱ्हाईक यांतले काहीच नाही त्यालाही कर्ज दिले की तो वर येईल.

हैदराबादच्या १०४ वस्त्यांत अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही समजूत तपासली. निम्म्या वस्त्यांत सूक्ष्म कर्ज आधी पोहोचले आणि निम्म्यांत नाही. कर्ज पोहोचलेल्या वस्त्यांत टिकाऊ वस्तूंची खरेदी वाढली, आधीपासून धंदा असलेल्यांचा धंदा काहीसा वाढला, पण घरखर्चाची एकूण पातळी, मुलांचे शिक्षण, आरोग्य किंवा स्त्रियांचा घरातील अधिकार यांत फरक आढळला नाही. २०१५ साली बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को अशा सहा देशांतील अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले आणि त्या सर्वांचा सूर हाच होता की फायदा आहे, पण तो माफक आहे. विद्यार्थ्यांना २०१०चे आंध्र प्रदेशही जरूर शिकवावे. एकेका बाईवर अनेक कंपन्यांनी कर्जे चढवली, वसुलीच्या जाचाच्या आणि आत्महत्यांच्या बातम्या आल्या, राज्याने ऑक्टोबरमध्ये अध्यादेश काढला आणि वसुली कोसळली. रिझर्व्ह बँकेने नेमलेली मालेगाम समिती आणि त्यानंतरचे सर्व नियम या घटनेतून आले आहेत.

प्रश्न : मी ‘उमेद’मध्ये समुदाय संसाधन व्यक्ती म्हणून काम करते. आमच्याकडील कातकरी वाडीवरची एकही बाई गटात टिकत नाही, कारण दिवाळीनंतर कुटुंबे वीटभट्टीवर जातात. आता एका कंपनीचे अधिकारी वाडीवर येऊन प्रत्येकीला ३०,००० रुपये द्यायला तयार आहेत. त्यातून शेळ्या घेता येतील. गरिबांतल्या गरिबांना संधी मिळावी म्हणून मी त्यांना हे कर्ज घ्यायला सांगू का? (जि. रायगड)

उत्तर : ताई, सांगू नका. आपला हेतू चांगला आहे, म्हणूनच या प्रश्नाचे उत्तर मी सविस्तर देतो. मला अनेक वर्षे सर्वाधिक अस्वस्थ करणारा प्रश्न हाच आहे.

आधी शेळीचा हिशेब करू. ३०,००० रुपये दोन वर्षांसाठी घटत्या शिलकीवर २४ टक्क्यांनी घेतले, तर आठवड्याचा हप्ता सुमारे ३६५ रुपये येतो आणि तो कर्ज मिळाल्यावर एक-दोन आठवड्यांतच सुरू होतो. शेळी पाच महिने गाभण राहते. करडू विकण्याजोगे व्हायला त्यानंतर आठ-दहा महिने लागतात. म्हणजे शेळीने पहिला रुपया दाखवण्याआधी ५२ हून अधिक हप्ते, सुमारे १९,००० रुपये, घराबाहेर गेलेले असतात. ते कुठून जाणार? मजुरीतून. आणि मजुरी कुठे आहे? वीटभट्टीवर, जिथे मालकाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, आधीच अंगावर आहे. हप्त्यासाठी बाई आणखी उचल घेईल, पुढचा हंगाम आधीच विकला जाईल, आणि कागदावर मात्र तिची परतफेड शंभर टक्के दिसेल. या शंभर टक्क्यांवर विश्वास ठेवू नये, असे मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगतो. हप्ता वेळेवर येतो याचा अर्थ तो धंद्यातून येतो, असा होत नाही.

शिवाय कुटुंब भट्टीवर गेल्यावर शेळ्या कोणाकडे राहणार? पावसाळ्याआधी पीपीआर आणि आंत्रविषार या शेळ्यांच्या रोगांची लस कोण टोचून घेणार? एक शेळी मेली तर हप्ता थांबत नाही. नियमाकडे पाहिले तरी कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या आत राहिले पाहिजेत. ज्या घरात पावसाळ्याचे चार महिने उत्पन्नच तुटपुंजे असते, त्या घराचे मासिक उत्पन्न अधिकारी कोणत्या महिन्याचे धरणार आहेत, हे त्यांना विचारून पाहावे. उचलीची नोंद तर कोणत्याही पतमाहिती कंपनीकडे नसते, त्यामुळे ते कर्ज त्यांच्या हिशेबात धरलेच जाणार नाही.

अतिगरीब घराला पैशाची गरज नसते असे मी म्हणत नाही. त्याला सर्वांत आधी हवी असते ती पैसा सुरक्षित ठेवण्याची जागा. सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला सामाजिक कार्यकर्त्या चेतना गाला सिन्हा यांच्याकडे उघड्यावर राहून लोहारकाम करणारी एक बाई आली होती. तिला कर्ज नको होते. पावसाळ्यात डोक्यावर घालायला प्लॅस्टिकचा कागद घेता यावा म्हणून पैसे साठवायचे होते आणि कोणतीही बँक तिचे खाते उघडत नव्हती. बायकांनी स्वतःची बँक काढायचे ठरवले, तेव्हा अर्जावर अंगठे आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने पहिल्यांदा परवाना नाकारला. त्या अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. दुष्काळी माण तालुक्यातल्या गरिबातल्या गरीब बाईची पहिली मागणी बचतीची होती, हे आपल्या क्षेत्राने विसरता कामा नये.

दुसरी गरज मालमत्तेची आहे, आणि ती कर्जाने नव्हे, अनुदानाने द्यावी लागते. हे भावनेने बोलत नाही. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेला आपली कर्जे सर्वांत गरीब घरांपर्यंत पोहोचत नाहीत असे दिसून आले, आणि २००२ साली तिने वेगळा कार्यक्रम सुरू केला. कुटुंबाला शेळ्या, गाय किंवा दुकानाचा माल फुकट द्यायचा. तो माल उत्पन्न देईपर्यंत पोटापुरता भत्ता द्यायचा, म्हणजे भुकेपोटी शेळी विकली जाणार नाही. दर आठवड्याला एका कार्यकर्तीने घरी जायचे, जनावर पाहायचे, हिशेब शिकवायचा, आजारपणात सोबत करायची आणि बचत सुरू करून द्यायची. हे सारे दीड ते दोन वर्षे चालवायचे. याच पद्धतीचा अभ्यास इथिओपिया, घाना, होंडुरास, भारत, पाकिस्तान आणि पेरू येथे १०,००० हून अधिक घरांवर झाला आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कार्यक्रम संपून वर्ष झाल्यावरही खाणेपिणे, मिळकत आणि मालमत्ता सुधारलेली होती. होंडुरासमध्ये मात्र दिलेल्या कोंबड्या मोठ्या प्रमाणात रोगाने मेल्या आणि फायदा टिकला नाही, म्हणून पशुवैद्याशिवाय जनावर देऊ नये. पश्चिम बंगालमध्ये बंधन संस्थेने ज्या घरांत हे काम केले, तेथील लाभ दहा वर्षांनंतरही टिकलेला आढळला. बिहारने २०१८ पासून ‘सतत जीविकोपार्जन योजना’ या नावाने हेच राज्यपातळीवर, बचत गटांच्या ग्रामसंघांमार्फत चालवले आहे. खर्च मोठा आहे आणि तो कोणत्याही व्याजातून वसूल होत नाही, म्हणून कंपनी तो करणार नाही. तो शासनाने करायचा आहे, आणि आपल्यासारख्या कार्यकर्तीने तो मागायचा आहे.

आता आपण प्रत्यक्ष काय करू शकता ते सांगतो. वाडीवरील प्रत्येक घराचे आधार, अंत्योदय शिधापत्रिका, जातीचा दाखला आणि बँक खाते आहे का, याची यादी करावी. कातकरी हा महाराष्ट्रातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक आहे आणि त्यांच्यासाठी नोव्हेंबर २०२३ पासून पीएम-जनमन अभियान सुरू झाले आहे. त्यातील घरकुलासारखे लाभ कोणाला मिळाले आणि कोण राहिले, हे पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात विचारावे. गटाला दहा जणी मिळत नसतील तर दुर्गम आदिवासी भागात पाच जणींचाही गट करता येतो. बचत दर महिन्याला हवी असा हट्ट धरू नये. भट्टीवरून हिशेब घेऊन कुटुंब परत येते त्या आठवड्यात थोडी मोठी रक्कम जमा करून घ्यावी आणि पावसाळ्यात ती काढू द्यावी. ग्रामसंघाकडे असुरक्षित कुटुंबांसाठी निधी असतो, त्याचा ठराव बैठकीत मांडावा. आणि उचलीमुळे एखाद्या कुटुंबाला भट्टी सोडू दिली जात नसेल, तर तो वेठबिगारीचा प्रकार आहे. १९७६च्या कायद्याने असे कर्ज रद्द होते, आणि सुटकेसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करावा. हा अर्ज करताना विधी सेवा प्राधिकरणाचा वकील सोबत असावा, कारण मालकाचा दबाव कुटुंबाला एकट्याने सोसत नाही.

यातून दोन हंगाम गेल्यावर ज्या बाईच्या दारात चार शेळ्या आणि वहीत काही बचत असेल, तिने पाचवी शेळी कर्जावर घ्यायला माझी हरकत नाही. त्या वेळीही कर्ज गटाचेच असावे आणि हप्ता करडू विकण्याच्या महिन्याला धरून ठरवावा. तत्पूर्वी आपल्या तालुका अभियान व्यवस्थापन कक्षाशी आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलून घ्यावे, आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांना सध्या वाडीवर बैठक घेऊ नये असे नम्रपणे पण स्पष्टपणे सांगावे.

प्रश्न : कर्जाबरोबर मिक्सर घ्यावाच लागेल असे सांगतात. घ्यायचा का? (जि. नांदेड)

उत्तर : गरज नसेल तर घेऊ नये. कर्जाबरोबरची कोणतीही वस्तू किंवा विमा कर्जदाराच्या पूर्ण संमतीनेच देता येतो. सक्ती होत असेल तर तसे लेखी मागावे. लिहून देणारा अजून मला भेटलेला नाही.

प्रश्न : आमच्या गटप्रमुख बाईने माझ्या आधारवर ४०,००० रुपये उचलले, ‘हप्ता मी भरते, तुला २,००० देते’ म्हणाली. सहा महिने भरले, आता ती गाव सोडून गेली. मी एक रुपयाही वापरलेला नाही. कर्ज माझ्यावर कसे? (जि. लातूर)

उत्तर : कागदावर सही आणि अंगठा आपला आहे आणि पैसे आपल्या खात्यात आले आहेत, म्हणून कंपनीच्या दृष्टीने कर्जदार आपणच आहात. ही पत्रे प्रत्येक जिल्ह्यातून येतात आणि प्रत्येक वेळी ती पैसे घेणारी निघून गेल्यावरच येतात. दुसऱ्यासाठी आपले नाव देणे म्हणजे मदत नव्हे, ते कर्ज घेणेच असते, मग त्यासाठी २,००० मिळोत की काहीच न मिळो.

आता उशीर न करता खात्याचा उतारा काढावा. पैसे खात्यात आल्यावर त्याच दिवशी काढून कोणाला दिले किंवा कोणाच्या खात्यावर पाठवले, हे त्यात दिसेल. फसवणुकीची तक्रार पोलीस ठाण्यात द्यावी, तिची प्रत कंपनीला द्यावी, आणि कंपनीच्या कर्मचाऱ्याला हा प्रकार माहीत होता असा पुरावा असेल तर तसे स्पष्ट लिहावे. कंपनी ज्या स्वनियमन संस्थेची सभासद असेल त्या संस्थेकडे, म्हणजे एमफिन किंवा सा-धन यांच्याकडेही तक्रार करता येते. हे सर्व वकिलाच्या सल्ल्याने करावे, कारण २,००० रुपये आपण घेतले असतील तर तक्रारीत ते लपवणे आपल्यालाच महाग पडेल. आणि हा हप्ता भागवण्यासाठी दुसऱ्या कंपनीचे कर्ज किंवा विनापरवाना सावकाराचे पैसे कोणत्याही परिस्थितीत घेऊ नयेत. सावकार मागे लागला असेल तर २०१४च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार होते.

प्रश्न : माझे पती वारले. कर्ज माझ्या नावावर आहे. ‘विमा होता’ असे शेजारीण म्हणते, पण कंपनीचा माणूस हप्ता मागतो आहे. (जि. धुळे)

उत्तर : शेजारणीचे म्हणणे बरोबर असण्याची शक्यता आहे, पण त्यावर विसंबून राहू नये. अनेक सूक्ष्म कर्जांत कर्जदाराबरोबर जोडीदाराचाही विमा काढलेला असतो आणि त्याचा हप्ता कर्ज देतानाच कापलेला असतो. कर्जकार्ड आणि तथ्यपत्रक पाहावे. त्यात विम्याची रक्कम कापल्याची नोंद असेल तर विमा कंपनीचे नाव आणि प्रमाणपत्र क्रमांक लेखी मागावा. मृत्यूचा दाखला, दोघांची आधारपत्रे आणि कर्जकार्डाची प्रत जोडून दाव्याचा अर्ज शाखेत द्यावा आणि पोच घ्यावी. ‘आम्ही बघतो’ या तोंडी उत्तरावर थांबू नये, कारण दाव्याला मुदत असते. दावा मंजूर होईपर्यंत हप्त्याचे काय करायचे, हेही शाखेकडून लिहून घ्यावे. कापलेल्या रकमेची नोंद असूनही विमाच काढलेला नाही असे निघाले, तर वर सांगितल्याप्रमाणे लोकपालाकडे जावे, आणि त्यापूर्वी सर्व कागद तालुका विधी सेवा समितीच्या वकिलाला एकदा दाखवावेत.